‘ऑक्सिजन सिलिंडर लावून’ सहसा कोणी बुडी मारत नाही

१/७
मोर्शीजवळचे अप्पर वर्धा असो वा महानचे काटेपूर्णा धरण. अमरावती-अकोल्यात कोणी बुडाले की पाणबुडे ‘ऑक्सिजन सिलिंडर लावून’ उतरल्याचे छापून येते. हा शब्दप्रयोग चुकीचा तर आहेच, शिवाय जीवघेणाही ठरू शकतो. पुरावा इतिहासात आहे.

२/७
शोधकार्यातल्या पाणबुड्याच्या पाठीवर सहसा दाबाने भरलेली साधी हवा असते. तीत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो. तेथे शुद्ध ऑक्सिजन घेतला, तर त्याचा दाब जमिनीवरच्या नेहमीच्या हवेतील ऑक्सिजनच्या जवळजवळ दहापट!

३/७
असा ऑक्सिजन विषासारखा वागतो. दाबाखालच्या ऑक्सिजनने प्राण्यांना आचके येतात, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवले. तो दीर्घकाळ घेतल्यास फुप्फुसे सुजतात, हे लॉरेन स्मिथ यांनी १८९९ मध्ये.

४/७
दुसऱ्या महायुद्धात बुडबुडे शत्रूला दिसू नयेत म्हणून नौदलांचे पाणबुडे बंद यंत्रातून शुद्ध ऑक्सिजन घेत. ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी १९४२ पासून स्वयंसेवकांवर चाचण्या केल्या. कोरड्या दाबकक्षात जे सोसते, ते पाण्याखाली सोसत नाही. श्रम केले की सहनशक्ती आणखी घटते. शिवाय एकाच माणसाची मर्यादा रोज बदलते!

५/७
आचके तत्काळ दिसतात. फुप्फुसांची इजा चोरपावलांनी येते. उथळ पाण्यातही तासन्‌तास शुद्ध ऑक्सिजन घेतल्यास छातीत जळजळ, कोरडा खोकला, अपुरा श्वास. त्यातच पाण्याचा दाब रक्त छातीकडे लोटतो आणि पोहण्याचे श्रम हृदय-फुप्फुसांवरचा भार वाढवतात.

६/७
‘एका शब्दाने काय बिघडते?’ बरेच बिघडते. करोनाच्या दुसऱ्या लाटेने ‘ऑक्सिजनची टाकी म्हणजे जीव’ हे समीकरण घरोघरी ठसवले. त्याच वर्षी, सप्टेंबर २०२१ मध्ये, वरूड तालुक्यात झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून अकरा जण बुडाले. अशा प्रसंगी गावातले पट्टीचे पोहणारे आधी धावतात. त्यांतल्या एखाद्याने बातमी खरी मानून रुग्णालयातली टाकी पाठीला बांधली, तर त्याच्या मृत्यूचा जाब कोणाला विचारायचा?

७/७
ऑक्सिजन शत्रू नव्हे. खोलीतून वर येताना पाणबुड्याच्या रक्तात वायूचे बुडबुडे झाले, तर पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजनच. परंतु औषधाला मात्रा असते. ‘प्राणवायू’ या सुंदर शब्दाने ती मात्रा विसरायला लावू नये. बातमीत ‘हवेची टाकी’ लिहा. दोनच शब्द आहेत, आणि ते खरे आहेत.