नुसत्या फोटोवर कोळी ओळखू नका

फोटो काढला, ॲपवर टाकला, नाव मिळाले की काम झाले, असा समज रूढ होतो आहे. पाचोळ्यातल्या इवल्याशा कोळ्यांच्या बाबतीत तो फसवा आहे. ऊनोपिडी कुळाचेच पाहा. उष्ण प्रदेशांत पसरलेल्या या कोळ्यांची लांबी साधारण एक ते तीन मिलिमीटर. फोटोत एक नारिंगी ठिपका दिसतो, इतकेच. सूक्ष्मदर्शकाखाली कळते की इतर बहुतेक कोळ्यांना आठ डोळे असताना यांच्यातल्या बहुतेकांना सहाच आहेत आणि अनेकांच्या पोटाला वरून-खालून कठीण कवच आहे. पण कवचावरून वंश ठरत नाही. गॅमासोमॉर्फा या एकाच वंशात असे कवचधारी कोळी वर्षानुवर्षे भरले गेले; पुढे त्यातले अनेक दुसऱ्या वंशांत हलवावे लागले. खरे नाते उलगडते ते नराच्या तोंडाजवळच्या पेडिपाल्पच्या टोकात आणि मादीच्या जननेंद्रियांच्या रचनेत. कोळीतज्ज्ञ नॉर्मन प्लॅटनिक यांच्या पुढाकाराने या शतकात संग्रहालयांतले जुने नमुने पुन्हा तपासले गेले, नवे गोळा झाले, आणि सुमारे 500 जातींचे हे कुळ दीड हजारांपुढे गेले. नमुने जपलेले नसते तर हे घडलेच नसते.

जीव मारून नाव देण्यात कसले निसर्गप्रेम, असा प्रश्न येतो, आणि तो प्रामाणिक आहे. पण वनखात्याच्या परवानगीने घेतलेले मोजके नमुने कुठे आणि वणव्यात जळणारा डोंगरउताराचा अख्खा पाचोळा कुठे! तिथे कोण राहत होते याची नोंदच नसेल, तर काय गेले हे कोण सांगणार? याचा शेतकऱ्याला काय उपयोग, हेही विचारले जाते. उपयोग तपासायचा तरी तो कोणत्या कोळ्याचा, हे आधी ठरायला हवे. 2021 मध्ये ठाणे-कल्याण परिसरातल्या एका नव्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचे नाव मिळाले, त्याचे सर्वांना कौतुक वाटले. तसे नाव टिकते ते जपलेल्या नमुन्याच्या आधारावर. 2002 च्या जैवविविधता कायद्यानेही नव्या जातीचा नमुना ठरलेल्या राष्ट्रीय संग्रहात देणे बंधनकारक केले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा दमट सह्याद्री आहे आणि रेहेकुरीचे कोरडे माळरानही. अकोले, संगमनेर आणि नगरच्या महाविद्यालयांतील प्राणिशास्त्र विभागांनी रीतसर परवानगी घेऊन येत्या पावसाळ्यापासून असे नमुने जमवायला सुरुवात करावी: 70 टक्के अल्कोहोलची कुपी, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर गाव, तारीख, उंची आणि पाचोळा कोणत्या झाडाखालचा ते. तपासणीसाठी भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.