विटाळ कशाचा?

आमच्या हिंगोली जिल्ह्यात वादाच्या विषयांची वाण कधीच नव्हती; त्यात आता डुकराच्या मूत्रपिंडाची भर पडली आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात जनुके बदललेल्या डुकराचे मूत्रपिंड एका जिवंत माणसाला बसविले. ही वार्ता वसमतच्या हळदबाजारापर्यंत आली आणि तिथल्या शहाण्यांनी निकालही देऊन टाकला : मेलो तरी बेहत्तर, पण डुकराचे अंग अंगात नको! या निकालावर मला अपील करावयाचे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डुकराच्या पेशींवर काही शर्करा असतात आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये माणसाच्या रक्तात आधीपासूनच असतात. त्यामुळे असा अवयव बसविताच शरीर त्याच्यावर तुटून पडते व थोड्याच वेळात तो निकामी होतो. बोस्टनला वापरलेल्या डुकरात क्रिस्पर नावाच्या जनुक-कात्रीने ६९ बदल केले होते : त्या शर्करांची तीन जनुके काढली, माणसाची सात घातली आणि डुकराच्या वंशद्रव्यात दडलेल्या विषाणूंच्या ५९ प्रती निकामी केल्या. तो रोगी दोन महिन्यांच्या आत वारला. २०२५ च्या जानेवारीत बसविलेले दुसऱ्या एका रोग्याचे मूत्रपिंड २७१ दिवस चालले व मग काढावे लागले. म्हणजे हा अजून प्रयोग आहे, उपचार नव्हे. घाई केली की काय होते तेही आपण पाहिले आहे. १९९७ साली गुवाहाटीत डॉ. धनीराम बरुआ यांनी डुकराचे हृदय एका रोग्याला बसविले; रोगी आठवडाभरात गेला आणि डॉक्टरांना अटक झाली. तेव्हा विज्ञानाला शंका विचारा, दहादा विचारा. पण विटाळ ही शंका नव्हे.

डायलिसिसच्या वेळी रक्त गोठू नये म्हणून जे हेपरिन देतात, ते जगात बहुतांशी डुकराच्या आतड्यांपासूनच काढले जाते. हृदयात डुकराच्या झडपाही कित्येक वर्षे बसविल्या जात आहेत. त्याने कोणाचा धर्म बुडाल्याचे ऐकिवात नाही.

बरे, डुकराचे नको, तर मग आज मूत्रपिंड येते कोठून? मरणोत्तर दान करणारे थोडे. मराठवाड्याची प्रत्यारोपण समन्वय समिती छत्रपती संभाजीनगरला आहे. तिच्या यादीत नाव घालायचे आणि वाट पाहायची. वाट पाहून थकले की नजर घरात वळते. कायदा जवळच्या नातेवाइकांना मुभा देतो आणि जवळचे नातेवाईक म्हणजे व्यवहारात बायको, आई, बहीण. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक, हे सरकारी आकडेच सांगतात. तिने स्वखुशीने दिले, असे म्हणतात. जिच्या नावावर एक गुंठा जमीन नाही आणि नवरा गेला तर जिला कोणी विचारणार नाही, तिची स्वखुशी मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. महिन्याचे चार दिवस जिच्या स्पर्शाचा विटाळ मानायचा, तिचेच मूत्रपिंड जन्मभर पोटात बाळगायचे, हे कोणत्या शास्त्रात बसते ते मला कोणी समजावून सांगावे.

आणि हे आमच्या जिल्ह्यात! नर्सी हे नामदेवांचे गाव. औंढ्याला पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबा खेचरांनी, देव नाही अशी जागा दाखव म्हणजे तिथे पाय ठेवतो, असे त्यांना सुनावल्याची कथा आमची लहान पोरेही सांगतात. यावर कोणी म्हणेल, तर मग डुकरातही देव आहे. त्याला मारता कसे? हा प्रश्न खरा आहे. त्याला माझ्यापाशी सोपे उत्तर नाही आणि तो विचारणाऱ्यापुढे मी मान लववितो. मात्र त्याच्या प्रश्नामागे दया आहे. हळदबाजारातल्या निकालामागे नुसती किळस आहे, आणि किळशीची किंमत घरातली बाई भरते आहे.

२०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथून शिकून निघणाऱ्या डॉक्टरांपुढे हा प्रश्न आज ना उद्या येईलच. तोवर माझे मागणे साधे आहे. ज्यांना डुकराचे नको, त्यांनी आपल्या मरणोत्तर अवयवदानाचा अर्ज आजच भरावा. तेही होत नसेल, तर निदान बायकोच्या कुशीकडे पाहू नये.