नाक्यावरचा दलाल की संकेतस्थळ?

नोएडातील सदनिका विकावयाची ठरली, तेव्हा मुलाचा कौल संकेतस्थळाला होता, माझा बाजारातल्या प्रॉपर्टी डीलरला. संकेतस्थळ ठळक जाहिरातीचे पैसे आधीच घेते. पुढे घर विको वा न विको. येथे जमीन भाडेपट्ट्याची. हस्तांतरासाठी प्राधिकरणाची परवानगी लागते. त्या खेपा डीलरच घालतो, कारण त्याचा एक टक्का सौद्यावर अवलंबून. मात्र किंमत लाखाने वाढली, तरी त्याच्या पदरी हजारच पडतात. 'साहेब, देऊन टाका' हा सल्ला तेथूनच येतो! २०१६ च्या रेरा कायद्यातील दलालांची सक्तीची नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांपुरती. जुन्या घरांचे विक्रेते वाऱ्यावरच, ही उणीव मला खटकते. अखेर मी डीलर निवडला. परंतु भाव संकेतस्थळावर पडताळून, आणि माझी किमान किंमत त्याला न सांगता.