“तुह्या एकटीनं काय होते वं?”

गेल्या मे महिन्यात माझ्या मेहकरच्या दवाखान्यात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक आजी चक्कर येते म्हणून आल्या. सोबत नात होती. ती पुण्यात हवामानबदलावर संशोधन करते. आजींना तपासून झाल्यावर माझे लक्ष नातीकडे गेले. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. म्हणाली, “डॉक्टरकाका, रात्री झोप लागत नाही. मी आकडे मांडत बसते आणि जग आपल्या वाटेने चालतच राहते. मग हे करायचे कशासाठी?” आजी सहज बोलून गेल्या, “तुह्या एकटीनं काय होते वं?”

हे वाक्य मायेपोटी आले होते, यात शंका नाही. तरी ते आपण टाळावे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची वर्षानुवर्षे सेवा करणाऱ्या सुनेलाही अशीच वाक्ये ऐकावी लागतात. ज्या कामाचे फळ लवकर दिसत नाही, त्याचा थकवा निराळा असतो. रक्तदाबाच्या रुग्णांना लोणचे-पापड कमी करा असे वर्षानुवर्षे सांगताना तो मलाही येतो.

मी मुद्दाम लोणारचा विषय काढला, आणि मुलगी खुलली. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी आपल्या या सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यातून गेल्या ११,००० वर्षांचा पावसाचा इतिहास वाचला गेला. पाणी आटून खारटपणा वाढला की गेलुसाइट नावाचे खनिज तयार होते. ते ज्या थरात सापडले, तो काळ दुष्काळाचा. सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी असा शतकानुशतके चाललेला कोरडा काळ होऊन गेला, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. एकेक थर तपासत बसलेल्यांनाही कधीतरी कंटाळा आला असेलच!

दुष्काळाचे नाव निघताच आजींना १९७२ आठवले. खडी फोडण्याचे काम, मिलोच्या लाल भाकरी, आटलेल्या विहिरी. नात वही काढून लिहू लागली. या आठवणी तिने घरात कधी विचारल्या नव्हत्या आणि आजींनीही सांगितल्या नव्हत्या.

असे संशोधन उपयोगी पडते का, अशी शंका आपणास येईल. अहमदाबादेत मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू झाले. कोणीतरी ते मोजले, म्हणूनच २०१३ मध्ये त्या शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला.

मोजण्यावरून आठवले. आजींच्या चक्करीचे कारण मला नीट उमगत नव्हते. नातीने घरी जाऊन त्यांच्या पत्र्याच्या खोलीत तापमापक टांगला. दुपारी तीनला ४२ अंश, रात्री दहाला ३५! खोली चाळीस अंशांच्या वर गेली की पंख्याचा वारा शरीराला गार करण्याऐवजी तापवतो, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यात उतारवयात तहान कमी लागते, घामही कमी येतो. आणि आजींना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. मी तिची मात्रा बदलली, दुपारचा मुक्काम शेजारच्या स्लॅबच्या घरी हलवला, अंगावर ओला पंचा ठेवण्यास सांगितले. आपण मात्र अशी गोळी स्वतःहून बंद करू नका; हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाणी किती प्यावे, हेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

नातीलाही मी मोकळे सोडले नाही. झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, कशातच मन न लागणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ‘फार विचार करते’ म्हणून सोडून देऊ नये. तिला मी पुण्यात समुपदेशकाकडे पाठवले, आणि ती गेली.

आता ती रोज सायंकाळी फोन करते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आजी, आज किती?” आजींना अक्षरे वाचता येत नाहीत, आकडे येतात. गेल्या आठवड्यात तपासणीला आल्या, तेव्हा पिशवीतून वही काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. एका रकान्यात अंश होते, दुसऱ्यात पाण्याचे पेले. मधल्या दोन दिवसांच्या जागा रिकाम्या होत्या. “लेकीकडे गेली होती, तापमापक घरीच राह्यला,” असे त्यांनी अपराधी स्वरात सांगितले.