मणका मोडला म्हणून माणूस संपत नाही

शेतकरी बंधूंनो, विहिरीत पडणे, शेळ्यांना पाला काढताना झाडावरून पडणे, ट्रॅक्टर उलटणे ही संकटे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावांना नवी नाहीत. पाठीचा मणका मोडून आतला मज्जारज्जू दुखावला, की कमरेखालचे अंग लुळे पडते. मग गाव म्हणते, ‘आता काही खरं नाही, किती दिवस काढतोय बघायचं.’ हे बोलणेच घातक आहे.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. १९७२ साली जर्मनीत अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले. २०१८ मध्ये, म्हणजे जखमेनंतर ५३ वर्षांनी, त्यांना पद्मश्री मिळाली. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सोळाव्या वर्षी पायांनी अधू झाल्या. १९८४ साली त्यांनी अपंगांसाठी संस्था उभारली.

पहिल्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत. पुढे १९४४ पासून इंग्लंडात डॉ. गुटमान यांनी चांगल्या शुश्रूषेने असे रुग्ण जगवून दाखवले. कारण माणूस बहुधा मोडलेल्या मणक्याने जात नाही. पाठीच्या जखमा चिघळून आणि लघवी तुंबून मूत्रपिंडे बिघडल्याने जातो. या दोन्ही गोष्टी घरात सांभाळता येतात.

पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका. मान-पाठ सरळ ठेवून फळीवर न्या. अंथरुणावर दर दोन तासांनी कूस बदला. ढुंगण, माकडहाड, टाचा रोज बघा. लाल डाग दिसला तर त्या जागेवर भार देऊ नका. गरम विटेचा शेक नको, चटका त्याला कळत नाही. लघवीची नळी स्वच्छ हाताने वेळेवर कशी घालायची, हे डॉक्टरांकडून घरच्या दोघांनी तरी शिकून घ्या. ताप आला, लघवी गढूळ झाली, तर अंगारे-धुपाऱ्यात दिवस घालवू नका.

सरपंच आणि भाऊसाहेब, तुम्हालाही सांगणे आहे. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी आहेत. ते मार्चअखेरीस घाईघाईने वाटून मोकळे होऊ नका. चाकाची खुर्ची, हवेची गादी, संडासाला उतरण हे त्यातून बघा. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला जिल्हा रुग्णालयात न्यायला गाडीची सोय करा.

तो खुर्चीत बसून दुधाचा हिशेब ठेवील, दुकान चालवील, पोरांचा अभ्यास घेईल. फक्त त्याच्या मरणाची वाट बघणे आपण सोडले पाहिजे.