सुगीच्या आठवणी आणि उताऱ्यावरचं नाव

फाल्गुन लागला की आपल्या बेळगावकरांचं सुरू होतं. शिवारातली मसूर, हरभऱ्याचे डहाळे, होळीची पोळी, "काय ते दिवस होते!" वाचते मीही. पण मंडळी, ती मसूर आपोआप चालत घरात येत नव्हती.

भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा पेरायचा. मसूर काढायची ती पहाटे, दव असताना. ऊन चढलं की शेंगा फुटतात नि दाणे भुईत. म्हणून आई, आत्ती आणि आम्ही पोरी अंधारातच शेतात. वाकून उपटायची, बोटं सोलवटायची, शाळा बुडायची ती आमची. दादा न्याहारी करून यायचा, तोवर अर्धी पट्टी उरकलेली.

आणि उताऱ्यावर नाव कुणाचं? आजोबांचं, मग बाबांचं, आता दादाचं.

कर्नाटकात १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा आहे. २००५ पासून देशभर, लग्न झालेल्यांनाही. तरी आत्तीला साडी नेसवून सही घेतली. साडी पण काय, मापातलीच! माझ्यापुढं कागद आला तेव्हा म्हणाले, "माहेर तुटंल बघ." मी सही केली नाही. दोन वर्षं होळीचं बोलावणं आलं नाही, एवढंच.

"जमिनीला भाव आला म्हणून बहिणी हावऱ्या झाल्या," असं परवा एका लग्नात ऐकलं. प्लॉट पाडणाऱ्या भावाला भाव दिसला तर तो व्यवहार, बहिणीला दिसला की हाव?

आठवणी लिहा की. सोबत शेताचा उतारापण टाका.