वहीपूजन झाले, वहीचे काय?

लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी आपल्याकडे लक्ष्मीच्या शेजारी वही ठेवली जाते. पेढीवरच्या नव्या कीर्द-खतावणीला हळदकुंकू वाहायचे, पहिल्या पानावर स्वस्तिक रेखायचे आणि पाडव्यापासून त्या वहीत नव्या वर्षाचा व्यवहार लिहायचा, ही आपल्या व्यापारी समाजाची परंपरा. लक्ष्मी चंचल आहे, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. तिला स्थिर करण्याचा उपायही त्यांनी तिच्या शेजारीच मांडून ठेवला. जो हिशेब लिहितो त्याच्या घरी ती रमते, हा त्या पूजेचा साधा अर्थ आहे.

पेढीवरची वही आजही पुजली जाते. प्रश्न आहे तो घरातल्या वहीचा. दूध, किराणा, इस्त्रीवाला, शाळेची फी असा पै-पैचा जमाखर्च लिहिणारी पिढी मध्यमवर्गीय घरांतून मागे सरली आणि तिच्याबरोबर ती लांबट वहीही माळ्यावर गेली. दिवाळीचा बोनस खात्यात जमा होतो आणि डोळ्यांना न दिसताच खात्यातून निघून जातो. २०१६ साली यूपीआय आले आणि पानवाल्यापासून सराफापर्यंत सर्वत्र मोबाइलने पैसे देण्याची सोय झाली. ही भारतीय बुद्धीची मोठी कामगिरी आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु पाकिटातली नोट मोडताना हात जो क्षणभर थांबत असे, तो आता थांबत नाही. विसंगती अशी की, आपल्या खर्चाची इतकी बिनचूक नोंद पूर्वी कधीच नव्हती. तारीख, वेळ, रक्कम, घेणाऱ्याचे नाव, सारे फोनमध्ये आहे. फक्त ते वाचणारे कोणी नाही.

याच फोनमध्ये बाजारही शिरला आहे आणि तो भोळा नाही. ‘शेवटचे दोनच नग शिल्लक’, ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे’ अशी खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू टोपलीत गुपचूप घालणे, किंमत शेवटच्या पायरीवर वाढवणे, अशा तेरा प्रकारच्या क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी करून मनाई केली. सरकारला असे नियम करावे लागले, यातच रोगाचे गांभीर्य आले. पण नियम दिल्लीत असतो आणि बोट आपले असते.

बिनव्याजी हप्त्यांचे आमिष त्याहून गोड. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. उदाहरण घेऊ. तीस हजारांचा दूरचित्रवाणी संच रोखीने अठ्ठावीस हजारांना मिळतो आणि सहा हप्त्यांत घेतल्यास पूर्ण तीस हजारांना, वर प्रक्रिया शुल्क. मग ते दोन हजार कशाचे? नाव बदलले म्हणून व्याज व्याज असायचे थांबत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी मागे राहिली, तर व्याजाचा दर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात जातो. गावच्या सावकाराला नावे ठेवणाऱ्या आपण सुशिक्षितांनी याचा विचार करू नये काय? कंदील उतरवल्यावर फाल्गुनापर्यंत हप्ते फेडणारे घर सण साजरा करत नाही. ते सण उधार आणते.

उपाय अवघड नाही आणि त्याला पैसाही लागत नाही. ज्या फोनने वही घालवली, त्याच फोनमध्ये वही पुन्हा उघडता येते. कोणत्याही स्मार्टफोनवर मोफत मिळणारा साधा तक्ता, म्हणजे स्प्रेडशीट, पुरेसा आहे. त्यात पाच रकाने करावेत: कोणासाठी, काय, ठरवलेली रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि कुठून घेतले. ओळी घराघराच्या: फराळाचे सामान, उटणे-तेल, कपडे, पणत्या व आकाशकंदील, भाऊबीजेची ओवाळणी, कामवाल्या ताईंची दिवाळी, दिवाळी अंक. तक्ता पती-पत्नी व जाणत्या मुलांच्या फोनवर एकत्र उघडेल असा ठेवावा, म्हणजे एकच वस्तू दोघांकडून दोनदा येत नाही. तळाची बेरीज तक्ता स्वतः करतो. बेरीज पाहून एखादी ओळ खोडण्याचा विवेक मात्र आपल्यालाच दाखवावा लागतो.

आणखी काही गोष्टी सांगण्याजोग्या आहेत. किरकोळ खरेदीसाठी यूपीआय लाइट हा बटवा वापरावा. त्यात एका वेळी पाच हजारांपर्यंतच रक्कम राहते, त्यामुळे बटवा रिकामा झाला की मन आपोआप थबकते. किंमत पुड्याची पाहू नये, किलोची पाहावी. फोनमधले गणकयंत्र त्यासाठीच आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून तूप, फरसाण आणि बदाम-पिस्त्यांसारखा सुकामेवा यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर साबण व केसांच्या तेलावरील १८ वरून ५ वर आला. बिलात तो तसाच लागला आहे ना, हे पाहावे. धनत्रयोदशीला सोने घेणाऱ्यांनी दागिन्यावरील सहा अक्षरांकांची हॉलमार्क ओळख ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तपासून घ्यावी. फसगत झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

परंतु एकट्या घराच्या काटकसरीपेक्षा दहा घरांची एकजूट अधिक मोलाची. कै. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारची कुटुंबे एकत्र येऊन महिन्याची यादी देत, माल घाऊक घेतला जाई आणि वाटप सभासदच करत. त्या काळी याद्या कागदावर होत, बेरजा हाताने होत. आज तेच काम एका सामायिक तक्त्यात तासाभरात होते. आपल्या सोसायटीतल्या दहा घरांनी पोहे, डाळी, साखर, तूप यांची एकत्र मागणी करून वाशीच्या वा पुण्याच्या मार्केट यार्डातून माल आणला, तर पैसे वाचतीलच. शिवाय वर्षभर लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे शेजारी एकमेकांच्या घरात येतील. संघटन यालाच म्हणतात.

तक्त्यातला ‘कुठून घेतले’ हा पाचवा रकाना आम्ही मुद्दाम सुचवला आहे. १९०५ साली पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने विदेशी कापडाची होळी झाली, तिला लोकमान्यांची साथ लाभली. आज होळी पेटवण्याची गरज नाही; रकाना प्रामाणिकपणे भरला तरी पुरे. पणती गावच्या कुंभाराची की दूरदेशीच्या कारखान्याची? चकली बचत गटाच्या भगिनींची की कंपनीच्या पुड्यातली? ऑनलाइन विक्रेत्याने वस्तूचा उत्पादक देश सांगितला पाहिजे, असा नियम २०२०पासून आहे. तो वाचण्याचे कष्ट घ्यावेत. सवलतीचे चार पैसे वाचवताना कोपऱ्यावरचा वाणी आपण गमावत नाही ना, हेही वर्षाअखेरीस हा रकाना सांगेल. अडल्या वेळी उधारीवर साखर देणारा तोच असतो.

यावर कोणी म्हणेल, सणासुदीला हा कसला रुक्ष हिशेब! पण काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपल्या परंपरेने अर्थाला पुरुषार्थांत स्थान दिले, त्याला धर्माचे अधिष्ठान दिले. म्हणून तक्त्याची पहिली ओळ दानाची असावी. सेवावस्तीतल्या एखाद्या घरी, वनवासी पाड्यावर आपला फराळ पोहोचावा, ही रक्कम आधी बाजूला काढावी आणि मग उरलेल्यात आपली दिवाळी बसवावी. आणि पाडव्यानंतर तक्ता पुसून टाकू नये. एकूण खर्चाला बाराने भागावे आणि येणाऱ्या रकमेची आवर्ती ठेव सुरू करावी. महिना पंधराशे म्हणजे पुढल्या दिवाळीला अठरा हजार, तेही व्याजासह. आपल्या आई-आजींची भिशी याहून वेगळी काय होती?

कुटुंब प्रबोधनाची चर्चा आपण बैठकांत नित्य करतो. घरातील सर्वांनी रात्री एकत्र बसून हा तक्ता भरणे, बाबांच्या बुटांपेक्षा ताईच्या पुस्तकांना अग्रक्रम का, हे मुलांसमोर ठरवणे, हे तिचेच प्रत्यक्ष रूप आहे. पैसा कसा येतो, कशावर जातो आणि कुठे थांबवायचा, हे ज्या मुलाने घरात पाहिले, त्याला हप्त्यांचे आमिष सहसा भुलवणार नाही.

यंदा लक्ष्मीपूजनाला चौरंगावर घराची वही असू द्या, मग ती कागदाची असो वा फोनमधली. तिच्यावर अक्षता वाहा आणि पाडव्याच्या सकाळी तिच्यात पहिली नोंद करा. सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.